गायकाचा फोटो तुमचा, पण विकायचा कुणाला?

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव सुरू झाला की स्वरमंचासमोर कॅमेरेवाल्यांचीही गर्दी होते. कुणी वर्तमानपत्राच्या नोकरीतला, कुणी संयोजकांनी पैसे देऊन बोलावलेला, कुणी नुसता हौशी. समजा, गायकाने समेवर हात उंचावला आणि तिघांनीही त्याच क्षणी बटण दाबलं. फोटो जवळजवळ सारखेच आले. पण त्यांतला कोणता कोण विकू शकतो, असं विचारलं तर उत्तर तिघांसाठी वेगवेगळं येतं.

मैफलीचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांचा हिशोब सरळ असतो: फोटो मी काढला म्हणजे तो माझा, आणि माझा म्हणजे मी तो कुणालाही विकीन. यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. दुसरा क्वचितच. फोटोची मालकी हा एक प्रश्न आणि फोटोतल्या माणसाचा चेहरा कशासाठी वापरला जातोय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात बरंचसं लिहिलेलं आहे. दुसऱ्याचं मात्र विकत घेणाऱ्यावर ठरतं.

मालकी कुणाची

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती मानली आहे, आणि ती सुंदर असलीच पाहिजे अशी अट नाही. कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. कॅमेरा कुणाचा, लेन्स भाड्याची होती का, याला महत्त्व नाही. नोंदणीही सक्तीची नाही. बटण दाबलं की हक्क तयार झाला. आपल्या हौशी माणसाचा प्रश्न इथेच मिटतो. फोटो त्याचा, त्याच्या हयातीपर्यंत आणि पुढे ६० वर्षं त्याच्या वारसांचा.

वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्याचं थोडं वेगळं. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. इतर सगळे हक्क, वेगळा करार नसेल तर, छायाचित्रकाराकडेच राहतात. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण 'वेगळा करार' बहुधा झालेला असतो. नेमणूकपत्राच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर 'सर्व हक्क कंपनीकडे राहतील' अशी ओळ असते आणि नोकरी मिळाल्याच्या आनंदात ती कुणी वाचत नाही. मानधनावर फोटो देणारे जे स्वतंत्र छायाचित्रकार असतात, ते नोकर नसल्यामुळे त्यांना ही नोकरीची तरतूद लागू होत नाही.

खरा सापळा तिसऱ्यासाठी, म्हणजे संयोजकांनी पैसे देऊन बोलावलेल्यासाठी आहे. कायद्याच्या १७व्या कलमात एक तरतूद अशी आहे की, कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल तर त्याचा पहिला मालक फोटो काढणारा नाही, काढायला सांगणारा. उलट करार झालेला नसेल तर असंच. म्हणजे संस्थेने तुम्हाला तीन दिवसांचे पंधरा हजार दिले, कागदावर काहीच लिहिलं नाही, तर ते फोटो संस्थेचे. संस्था ते पुस्तकात छापू शकते, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत वापरू शकते, दुसऱ्याला विकूही शकते. तुम्ही मात्र त्यातला एक फोटो परस्पर कुणाला विकलात तर कॉपीराइटचा भंग तुमच्याकडून झालेला असतो. लग्नाच्या फोटोंनाही हेच लागू आहे, पण तिथे नवरदेवाच्या मामाचे फोटो कुणाला विकायचे नसतात म्हणून भांडण होत नाही.

पैसे न घेता नुसता पास मिळाला असेल तर? पास हा 'मोबदला' आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, आणि असे वाद फी देऊन घालावे लागतात. त्यापेक्षा काम घेतानाच एक ओळ मेलवर किंवा कागदावर लिहून घ्यावी आणि संयोजकांची संमती त्यावर यावी. ओळ अशी चालेल: "या कार्यक्रमात काढलेल्या सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. संयोजकांना ती स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराचे नाव देऊन, भारतात तीन वर्षे वापरता येतील. तिसऱ्या व्यक्तीला देता किंवा विकता येणार नाहीत." एवढ्याने १७व्या कलमाची दिशा बदलते. संस्थेची माणसं सहसा हरकतही घेत नाहीत. त्यांना फोटो वापरायला मिळाले की झालं.

परवानगीच्या कागदात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरलात तर कायदा स्वतः ते भरून घेतो: पाच वर्षं आणि फक्त भारत. ही सोय हक्क देणाऱ्याच्या बाजूची आहे, म्हणून लक्षात ठेवावी. आणि मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'हा फोटो मी काढला आहे' असं सांगण्याचा हक्क जात नाही. ५७वं कलम तो कर्त्याकडे वेगळा राखून ठेवतं. नाव न छापणं हा आपल्याकडे शिरस्ताच पडला आहे, पण त्याला कायद्याचा आधार नाही.

तिकिटामागची बारीक अक्षरं

तिकिटावर 'छायाचित्रणास मनाई' लिहिलेलं असतं किंवा व्यावसायिक कॅमेरा आत नेता येणार नाही असं असतं. ही अट म्हणजे करार. ती मोडली तर संयोजक तुम्हाला बाहेर काढू शकतात, करारभंगाची भरपाई मागू शकतात. पण चोरून काढलेल्या फोटोचाही कॉपीराइट काढणाऱ्याचाच असतो. काही तिकिटांच्या मागे तर 'इथे काढलेले सर्व फोटो आयोजकांच्या मालकीचे' असंही छापतात. त्याचा फार धसका घेऊ नये. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करायचा तर देणाऱ्याची सही असलेला लेख लागतो, आणि तिकिटावर तुम्ही सही कुठे केलेली असते?

माध्यमांसाठीच्या पासचा फॉर्म मात्र तुम्ही सही करून देता. मोठ्या रॉक-पॉप कॉन्सर्टमध्ये जगभर 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' असा रिवाज आहे. तीन गाणी झाली की छायाचित्रकारांना बाहेर नेतात. तो एक वेळ ठीक. पण त्याच फॉर्ममध्ये कधी फोटो एकदाच, एकाच वर्तमानपत्रात छापता येतील अशी अट असते, तर कधी कलाकाराच्या कंपनीला ते फुकट आणि कायमचे वापरता येतील अशी. २०१५ मध्ये फू फायटर्स या अमेरिकी बँडने असा फॉर्म पुढे केला तेव्हा वॉशिंग्टन सिटी पेपरने सही नाकारली आणि प्रेक्षकांनी काढलेले फोटो विकत घेऊन छापू असं जाहीर केलं. कॅनडातल्या ल सोलेय या वर्तमानपत्राने तर छायाचित्रकाराऐवजी चित्रकार पाठवला आणि कॉन्सर्टची रेखाटनं छापली. आपल्याकडेही आता महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा होतं, नवी मुंबईत कोल्डप्ले येऊन जातो. अशा ठिकाणी पास हातात पडण्याआधी फॉर्म मागून घ्यावा आणि घरी वाचावा. प्रवेशद्वारावर, मागे रांग उभी असताना, तो वाचून होत नाही.

गाणं वेगळं, फोटो वेगळा

एक शंका नेहमी निघते. गायकाला त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो ना, मग त्याचा फोटो काढणं म्हणजे त्या हक्कावर घाला नाही का?

कलाकाराला असा हक्क आहे, तोही ५० वर्षांचा. स्वतःच्या खासगी वापरासारखे अपवाद सोडले तर त्याच्या परवानगीशिवाय मैफलीचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करता येत नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीत चित्रमुद्रणाची व्याख्या करताना कायद्याने 'हलत्या प्रतिमा' असा शब्दप्रयोग केला. स्थिर फोटो त्यात बसत नाही. म्हणून त्याच माणसाने त्याच जागेवर बसून त्याच मोबाइलवर फोटो काढला तर या हक्काला धक्का लागत नाही आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ घेऊन तो पसरवला तर लागतो. बंदिशीच्या, चालीच्या, शब्दांच्या हक्कांचाही फोटोशी संबंध नाही. फोटोत राग ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याच्या आवाजाचा प्रश्न कायद्याचा नाही, तारतम्याचा आहे. विलंबित आलापीत खटखट केलेली कुठल्याही गायकाला आवडत नाही. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांनी आवाज घालवला, पण म्हणून पुढच्या रांगेतून सतत उठबस करायला मोकळीक मिळाली असं नव्हे.

विकत घेणारा कोण, यावर सगळं

आता समजा तो हात उंचावलेला फोटो निर्विवादपणे तुमचा आहे. एकामागून एक गिऱ्हाइकं येतात.

पहिला फोन वर्तमानपत्राचा, किंवा संगीतावर पुस्तक लिहिणाऱ्याचा. इथे निर्धास्तपणे विका. जाहीर मैफलीत गाणाऱ्या कलाकाराचा गातानाचा फोटो बातमीत, समीक्षेत, अभ्यासाच्या पुस्तकात छापायला सहसा कलाकाराची वेगळी परवानगी लागत नाही. ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची जागा आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही, आत त्या कलाकारावर लेख असेल तर, याच बाजूला येतं. ज्या फोटोसंस्था जगभर फोटो विकतात त्या अशा फोटोवर 'फक्त संपादकीय वापरासाठी' असा शिक्का मारतात, तो यासाठीच.

दुसरं गिऱ्हाईक म्हणतं, दिवाणखान्यात लावायला मोठा प्रिंट हवा. हे मधलं क्षेत्र. आपल्याकडे चेहऱ्याच्या, नावाच्या, आवाजाच्या व्यापारी वापरावरच्या हक्कासाठी वेगळा कायदाच नाही. न्यायालयांनी घटनेच्या २१व्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्कातून आणि इतर तत्त्वांतून तो हळूहळू घडवला आहे. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना नाव किंवा चेहरा जाहिरातीसाठी वापरण्याचा मुद्दा मांडला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांच्या खटल्यात दुसरी बाजू स्पष्ट केली: विडंबन, कला, अभ्यास, बातमी यांसाठी प्रसिद्ध व्यक्तीचं नाव किंवा प्रतिमा वापरणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. सही केलेला, मोजक्या प्रतींचा, प्रदर्शनात टांगलेला प्रिंट मला तरी कलेच्या बाजूला झुकलेला दिसतो. तोच फोटो हजार पोस्टर छापून जत्रेत विकला तर झुकाव बदलेल. नेमकी रेघ कुठल्याही न्यायालयाने आखून दिलेली नाही, म्हणून प्रदर्शन भरवण्याआधी कलाकाराला एक पत्र आणि एक प्रिंट पाठवावा. हिंदुस्तानी संगीताच्या दुनियेत याला क्वचितच कुणी नाही म्हणतं. पुण्याचे छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांची गायक-वादकांच्या फोटोंची प्रदर्शनं आणि कॅलेंडरं अनेकांनी पाहिली असतील. असं काम कलाकारांच्या विश्वासावर उभं राहतं.

तिसरी येते पतसंस्था. तिला कॅलेंडर काढायचंय, बारा महिने बारा कलाकार, खाली ठेवींचे व्याजदर. पतसंस्थेची मंडळी म्हणतील, संगीताची सेवाच आहे. पण गायिकेच्या फोटोखाली मुदत ठेवीचा दर आला की ती जाहिरात झाली, आणि जाहिरातीला त्या गायिकेची लेखी परवानगी हवी. कॉफीचे मग, टी-शर्ट आणि उशीचे अभ्रे यांचीही गत तीच.

चौथे गिऱ्हाईक सराफ. त्यांना गायिकेच्या हातातल्या बांगड्या आवडल्या, चौकात होर्डिंग लावायचंय. इथे परवानगीशिवाय एक पाऊलही टाकू नये. टायटनने तनिष्कच्या जाहिरातीसाठी अमिताभ आणि जया बच्चन यांचे फोटो काढून घेतले होते. मुजफ्फरनगरच्या एका सराफाने तेच आपल्या होर्डिंगवर लावले. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली, आणि कारणं दोन दिली: फोटोचा कॉपीराइट टायटनचा, आणि चेहऱ्याचा व्यापारी उपयोग कुणाला करू द्यायचा हे ठरवण्याचा हक्क त्या दोघांचा. दोन प्रश्न वेगळे कसे असतात याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. गायकांच्या बाबतीतही न्यायालयं मागे राहिलेली नाहीत. दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्यांना २०१० मध्ये दिल्लीत रोखलं गेलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल आणि त्यांच्या नावाचा, चेहऱ्याचा परस्पर वापर अंतरिम आदेशाने थांबवला.

जाहिरातीसाठी फोटो विकताना परवानगी कुणाकुणाची हे मोजायला बसलं की यादी लांबते. मुख्य गायक एकटा नसतो. डावीकडे तबला, उजवीकडे संवादिनी, मागे तानपुऱ्यावर दोन शिष्या. प्रत्येक ओळखू येणाऱ्या चेहऱ्याची संमती वेगळी, आणि तानपुऱ्यावरची मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर सही तिच्या आईवडिलांची. साथीदारांना गृहीत धरायची सवय जाहिरातवाल्यांनाही आहे. पुढच्या रांगेत डोळे मिटून ऐकणारे आजोबा फोटोत छान दिसतात, पण ते कुणी प्रसिद्ध व्यक्ती नाहीत, म्हणून जाहिरातीत ते घेताना उलट जास्तच जपायला हवं. शिवाय २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि ओळखू येणारा चेहरा हीही वैयक्तिक माहितीच.

मागचा पडदाही नीट बघावा. त्यावर चित्रकाराने काढलेलं चित्र असेल तर ते त्याची कलाकृती. चित्रपटात असं चित्र पार्श्वभूमीला ओझरतं आलं तर कायदा सूट देतो. फोटोसाठी तशी स्पष्ट सूट लिहिलेली नाही. बातमीत कुणी आक्षेप घेत नाही, पण होर्डिंगवर पडदा दिसण्याइतका मोठा होतो. प्रायोजकाचं बोधचिन्ह तर दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीत यायलाच नको. कातर चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

गेलेले कलाकार, जुने फोटो

आपल्याकडे सर्वांत जास्त मागणी असते ती आज हयात नसलेल्या बुजुर्गांच्या फोटोंना. कायदा इथे थोडा सैल आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की खासगीपणाचे, प्रसिद्धीचे हक्क व्यक्तीबरोबर संपतात, ते वारसाला मिळत नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने जयललितांच्या भाचीच्या दाव्यात २०२१ मध्ये असंच मत घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाची यावर मोहोर उमटेपर्यंत घराण्यातल्या मंडळींना विचारून केलेला व्यवहार केव्हाही बरा.

चेहऱ्याचा हक्क संपला तरी फोटोचा संपत नाही. आजोबांच्या पेटीत एखाद्या दिग्गज गवयाचा जुना प्रिंट सापडला, तर कागद तुमचा. कॉपीराइट तो फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याचा, किंवा पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर काढून घेणाऱ्याचा, आणि त्यांच्यामागे वारसांचा. २०१२ पर्यंत फोटोची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजली जायची, नंतर ती कर्त्याच्या मृत्यूपासून मोजू लागले. त्यामुळे १९५१ किंवा त्याआधी छापून आलेले फोटो साधारणपणे मोकळे झालेले आहेत. कधीच प्रसिद्ध न झालेल्या, पेटीतच राहिलेल्या फोटोला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. तो स्कॅन करून विकण्याआधी मागचा शिक्का वाचावा. स्टुडिओचं नाव, गाव बहुधा तिथे मिळतं.

तुमचाच फोटो पळवला तर

एखादा ज्येष्ठ गायक गेला की संध्याकाळपर्यंत चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो. त्यावर तुमचा फोटो, कोपऱ्यातलं नाव कापलेलं, आणि कलाकारापेक्षा मोठे चार कार्यकर्त्यांचे चेहरे. दुःखाच्या प्रसंगी पैसे कसे मागायचे म्हणून छायाचित्रकार गप्प बसतो. चित्रकार तोच फोटो समोर ठेवून तैलचित्र काढून विकतो, तेव्हाही बसतो. परवानगी दोन्हीकडे लागते; माध्यम बदललं तरी ती तुमच्या फोटोची नक्कलच.

भंग जाणूनबुजून केला असेल तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला. नफ्यासाठी केलेला नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. भरपाईचा दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. पुरावा म्हणून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, काहीही फेरफार न केलेली), तिच्यातली तारीख-वेळ आणि त्याच क्रमातले पुढचे-मागचे फोटो जपून ठेवा. फ्लेक्स लावणाऱ्याकडे ते कधीच नसतात. मोजक्या, खूप चालणाऱ्या फोटोंची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करून ठेवायला हरकत नाही, एका कलाकृतीची फी ५०० रुपये आहे.

पण पोलीस आणि वकील यांच्या आधी एक साधी गोष्ट करून पाहावी: बिल पाठवावं. फ्लेक्सचा तारखेसह फोटो, जागा, किती दिवस होता, तुमचा नेहमीचा दर, आणि खाली 'ही रक्कम फक्त या एका वापरासाठी आहे' अशी ओळ. बरीच मंडळं बिल बघून फोन करतात आणि घासाघीस करून पैसे देतात. जी फोनच करत नाहीत त्यांच्यासाठी नोटीस आहेच, आणि नोटिशीसोबत जोडायला ते बिल तयार असतं.